कशेडीचा पाऊस संगणकात कसा उतरवायचा? : वाचकांचे प्रश्न

चालकाविना धावणाऱ्या वाहनांची चाचणी रस्त्यावर येण्यापूर्वी संगणकात, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, घेतली जाते, असा उल्लेख गेल्या अंकातल्या एका लेखात आला होता. त्यावर महाडपासून सावंतवाडीपर्यंत कोकणपट्टीतून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : रस्ता आहे, गाडी आहे, मग संगणकाच्या पडद्यावर गाडी चालवून काय सिद्ध होते? सरळ रस्त्यावरच चाचणी का घेत नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : रस्त्यावर चाचणी घेतातच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ज्या घटनेची आपल्याला भीती वाटते ती घटना किलोमीटरच्या हिशेबात फार विरळ असते. अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेने 2016 साली याचे गणित मांडले. तिथे माणसांनी चालवलेल्या वाहनांमुळे दर 10 कोटी मैलांमागे साधारण एक मृत्यू होतो. स्वयंचलित वाहन याबाबत माणसापेक्षा वाईट नाही, एवढेच 95 टक्के खात्रीने सांगायचे असेल, तर त्याला एकही जीवघेणा अपघात न होऊ देता 27.5 कोटी मैल, म्हणजे सुमारे 44 कोटी किलोमीटर, धावावे लागेल. शंभर गाड्या दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस, ताशी 40 किलोमीटरच्या सरासरी वेगाने पळवल्या, तरी त्याला साडेबारा वर्षे लागतील. शिवाय मध्येच सॉफ्टवेअर बदलले, आणि ते तर महिन्या-महिन्याला बदलते, की आधीच्या किलोमीटरांचा पुरावा नव्या सॉफ्टवेअरला तसाच लागू होतो असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. दप्तर घेतलेले मूल एस.टी.च्या मागून अचानक रस्त्यावर धावत आले तर गाडी काय करील, हे तपासण्यासाठी खरे मूल कोणीही रस्त्यावर उभे करणार नाही. संगणकात मात्र तोच प्रसंग गाडीचा वेग, मुलाचा वेग, एस.टी.पासूनचे अंतर आणि उजेड थोडा थोडा बदलून हजारो वेळा घडवता येतो आणि नेमक्या कोणत्या टप्प्यावर गाडी चुकते ते पाहता येते. अर्थात तिथेही आकडे झपाट्याने फुगतात. बदलत्या गोष्टी सहा धरल्या आणि प्रत्येकीची दहा मूल्ये घेतली, तर एकाच प्रसंगाचे दहा लाख प्रकार होतात. दहा सेकंदांचा एक प्रकार याप्रमाणे एका संगणकावर ते ओळीने चालवले, तर जवळजवळ 116 दिवस लागतील. म्हणून सरधोपट सगळे प्रकार न चालवता धोक्याच्या जवळ जाणारे प्रकार हुडकून काढण्याच्या पद्धतींवर संशोधन चालते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी मार्च 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अशी एक पद्धत मांडली असून तिच्यामुळे हे काम हजार ते लाख पटींनी लवकर होते, असे त्यांनी दाखवले आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर एस.टी. चालवली. कशेडीच्या घाटात मिरगाचा पहिला पाऊस पडला की रस्ता कसा होतो, हे स्टिअरिंगवर हात असलेल्यालाच कळते. संगणकाला ते कसे कळणार? (निवृत्त एस.टी. चालक, खेड)

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आभासी रस्ता थरांनी उभा करतात. सर्वांत खाली रस्त्याची भूमिती असते. वळणाची त्रिज्या, चढ-उतार, वळणावर रस्त्याला दिलेला आडवा कल, मार्गिकांची रुंदी ही सगळी माहिती ‘ओपनड्राइव्ह’सारख्या ठरावीक स्वरूपातील फायलीत भरतात. त्यावर पृष्ठभाग, खड्डे आणि कडेची झाडी येते, मग इतर वाहने आणि माणसे येतात आणि शेवटी पाऊस, धुके व उजेड येतो. यांतली भूमिती काटेकोर उतरते. कशेडीची सगळी वळणे मोजून संगणकात बसवणे कष्टाचे असले तरी अवघड नाही.

अवघड आहे ते आपल्या हाताला कळणारे. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर उन्हाळाभर साठलेली धूळ, तेल आणि टायरचे रबर असते. त्यावर पहिली सर आली की त्याचा पातळ, बुळबुळीत थर होतो, आणि कोकणात त्यात कडेच्या डोंगरातून उतरलेली लाल माती मिसळते. दोन-तीन दिवस धो धो पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की तोच ओला रस्ता पुष्कळ बरा होतो. पडद्यावर हे दोन्ही रस्ते सारखेच ओले दिसतील. टायरला मात्र ते सारखे नसतात.

हा फरक किती मोठा आहे ते हिशेबाने पाहता येते. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, 0.7 धरला, तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे 20 मीटर लागतात. ओल्या रस्त्यासाठी 0.4 धरला तर सुमारे 35 मीटर. त्याला घाटाचा 6 टक्के उतार जोडला की 42 मीटर. आणि चिखलाच्या थरासाठी 0.25 धरून तोच उतार घेतला, तर सुमारे 75 मीटर लागतात. विचार करून ब्रेक लावेपर्यंत जे अंतर तोडले जाते, ते यात धरलेलेच नाही. घाटातल्या वळणावर पुढचे 75 मीटर दिसतच नसतील, तर गाडीने वळणाआधीच वेग उतरवायला हवा. आपण हे अनुभवाने करत होता. सिम्युलेशनमध्ये 0.25 हा आकडा कोणी घातलाच नसेल, तर गाडी 0.4 च्या भरवशावर वळण घेईल, सुखरूप बाहेर पडेल आणि उत्तीर्ण ठरेल. त्या उत्तीर्ण होण्याला कशेडीत काहीही किंमत नाही.

दुसरी अडचण गाडीच्या डोळ्यांची आहे. अशा वाहनांवर सहसा कॅमेरे आणि रडार असतात, आणि अनेकांवर लिडारही असतो. लिडार लेसरचे अत्यंत लहान झोत सोडून ते परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतो. जोराच्या पावसात काही झोत थेंबांवरूनच परततात, तर काही ओल्या रस्त्यावरून आरशासारखे पुढे निसटून जातात आणि परत येतच नाहीत. पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा तुषारांचा पडदा लिडारला एखाद्या वस्तूसारखा दिसू शकतो. रडारला पाऊस फारसा अडवत नाही. पण वस्तूचा नेमका आकार त्याला कॅमेऱ्याइतका कळत नाही, आणि लोखंडी कठडे किंवा बोगद्याच्या भिंती यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे त्याला नसलेल्या वस्तूही दिसतात. सिम्युलेशनमध्ये पावसाचे सुंदर चित्र काढणे सोपे असते. पावसात सेन्सर, म्हणजे गाडीचे हे डोळे, ज्या रीतीने चुकतात, त्याच रीतीने त्यांना संगणकातही चुकायला लावणे हे कसबाचे काम आहे. त्यासाठी फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ येथे कृत्रिम पाऊस आणि धुके पाडण्याची बंदिस्त प्रयोगशाळा आहे. तिथे खऱ्या सेन्सरच्या नोंदी घेऊन संगणकातील नमुने त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

याच प्रश्नाची आणखी एक बाजू सांगतो. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे शेतातून घरी परतणाऱ्या बायका कडेकडेने चालत असतात. डोक्यावरून पाठीवर उतरलेले इरले, किंवा हल्ली त्याजागी प्लास्टिकची खोळ, आणि खाली वाकलेली चाल. मागून पाहणाऱ्याला डोके, खांदे, हात यांपैकी काहीच दिसत नाही. पानांचा किंवा प्लास्टिकचा एक उलटा पन्हळ तेवढा हलताना दिसतो. गाडीला माणूस ओळखायला शिकवताना आणि सिम्युलेटरमध्ये माणसे उभी करताना ज्या मानवी आकृत्या सर्रास वापरतात, त्या ताठ चालणाऱ्या असतात आणि त्यांचे हातपाय मोकळे असतात. कोकणासाठी चाचणी घ्यायची असेल, तर इरले घेतलेली बाई त्या आभासी रस्त्यावर चाललीच पाहिजे, तीही तिन्हीसांजेला आणि समोरच्या ट्रकच्या दिव्यांच्या झगमगाटात. याबाबत तडजोड होऊ नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ‘आमच्या गाडीने सिम्युलेशनमध्ये इतके अब्ज मैल पूर्ण केले’ अशा बातम्या वाचनात येतात. त्यांवर कितपत विश्वास ठेवावा? (माध्यमिक शिक्षिका, सावंतवाडी)

उत्तर : आकडा खरा असू शकतो, पण तो अपुरा असतो. वेमो या अमेरिकी कंपनीने 2021 पर्यंत रस्त्यावर दोन कोटी मैल आणि सिम्युलेशनमध्ये 2,000 कोटी मैल, म्हणजे सुमारे 3,200 कोटी किलोमीटर, झाल्याचे सांगितले होते. रस्त्यावरच्या एका मैलामागे संगणकातले हजार मैल असे हे प्रमाण आहे. अशा वेळी आपण विचारायचा प्रश्न एकच : कोणते मैल? मोकळ्या रस्त्यावरचे कोटी मैल आणि शाळा सुटण्याच्या वेळचा बाजारपेठेतला एक मैल यांची बेरीज करून काही हाती लागत नाही.

माणसाच्या कल्पनेत जे आले नाही ते चाचणीतही येत नाही, याचे एक कटू उदाहरण आहे. 18 मार्च 2018 रोजी अमेरिकेतील टेंपी शहरात उबरच्या चाचणी-वाहनाने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले की, गाडीच्या यंत्रणेला धडकेच्या 5.6 सेकंद आधीच काहीतरी दिसले होते. पण ते वाहन आहे, सायकल आहे की अन्य काही, याबद्दल तिचे मत सारखे बदलत राहिले, आणि प्रत्येक बदलासरशी त्या वस्तूच्या आधीच्या हालचालीची नोंद विचारातून बाद होत गेली. पादचारी ठरवून दिलेल्या जागेखेरीज इतरत्रही रस्ता ओलांडतात, ही शक्यता त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती. आपल्याकडे तर माणसे बहुतेक ठिकाणी अशीच रस्ता ओलांडतात.

एक तांत्रिक बाबही लक्षात ठेवावी. पुष्कळदा रस्त्यावर टिपलेला खरा प्रसंग संगणकात पुन्हा चालवतात. त्यात नव्या सॉफ्टवेअरने गाडी थोडी आधी थांबवली, तरी मागून येणारी दुचाकी मूळ नोंदीप्रमाणेच पुढे येत राहते, कारण ती नोंद आहे. ती समोरचे पाहून वागत नाही. मग एकतर खोटी टक्कर दिसते किंवा खरी टक्कर दिसत नाही. त्यामुळे इतर वाहने समोरच्या हालचालीला प्रतिसाद देतील, अशी रचना करावी लागते आणि ती तिथल्या माणसांच्या वागण्यावर बेतावी लागते. जर्मन चालकाच्या सवयी घातलेली आभासी दुचाकी हातखंब्याच्या तिठ्यावर उपयोगाची नाही.

यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहन-नियम मंचाने जी मूल्यमापन पद्धत आखली, तिच्यात सिम्युलेशनला एकटे उभे केलेले नाही. प्रसंगांचा संग्रह, आभासी चाचणी, बंदिस्त मार्गावरील चाचणी, प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी, कंपनीच्या सुरक्षा-व्यवस्थेची तपासणी आणि वाहन वापरात आल्यावरची देखरेख हे सारे एकमेकांना धरून आहे. सिम्युलेटर स्वतः विश्वासार्ह आहे की नाही, हेही दाखवून द्यावे लागते. कंपनीने हे दाखवले असेल तर मैलांचा आकडा जरूर ऐकावा.

प्रश्न : 2016 साली सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला, ती रात्र आम्ही विसरू शकत नाही. चालकाविना गाडी तिथे थांबली असती का? (एक वाचक, महाड)

उत्तर : 2 ऑगस्ट 2016 च्या त्या रात्री दोन एस.टी. बसगाड्यांसह जी वाहने गेली, त्यांतल्या माणसांच्या आप्तांना स्मरून हे लिहितो. थांबली असती असे ठामपणे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

कारण असे. गाडीच्या नकाशात पूल आहे. रडार समोरच्या वस्तूंचा माग काढते, आणि पोकळीवरून त्याच्याकडे काहीच परत येत नाही. कॅमेऱ्याला दिव्यांच्या झोतापलीकडे काळोख दिसतो. लिडारला रस्त्याचा पृष्ठभाग दिसेनासा होतो, हे खरे आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे जोराच्या पावसात पाण्याने भरलेल्या साध्या रस्त्यावरूनही लेसर परत येत नाही. म्हणजे भरलेला खड्डा आणि वाहून गेलेला पूल यांची खूण लिडारला एकसारखीच वाटू शकते. पृष्ठभाग दिसला नाही की थांबायचे असा नियम केला, तर गाडी पावसाळ्यात प्रत्येक डबक्यापुढे थांबेल आणि मागचा ट्रक तिच्यावर आदळेल. नियम केला नाही, तर नदी.

ही कोंडी सोडवण्यासाठी सिम्युलेशनची खरी गरज आहे, कारण हा प्रसंग दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तपासता येत नाही. एकच रात्र दोनदा चालवावी. पाऊस तोच, वेग तोच, समोरच्या वाहनांचे दिवे तेच. पहिल्या खेपेला पूल शाबूत, दुसऱ्या खेपेला मधले गाळे गेलेले. दोन्ही खेपांना गाडी सारखीच वागली, तर ती नापास. कठड्याची रेषा अचानक तुटणे, पुढच्या गाडीचे लाल दिवे एकाएकी खाली जाऊन दिसेनासे होणे, अशा आडवाटेच्या खुणा ती वापरते का, हेही त्यात पाहता येईल. मात्र असा प्रसंग कोणाला तरी सुचावा लागतो, आणि तो महाडच्या माणसाला जितका सुचेल तितका दूर देशातल्या अभियंत्याला सुचणार नाही.

गाडीच्या डोळ्यांवर सगळा भार टाकूही नये. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी पूर-इशारा यंत्रणा बसवलेली आहे. रस्त्यावरच्या पुलांवरून असा इशारा थेट वाहनांपर्यंत पोहोचला, तर चालक माणूस असो वा यंत्र, दोघेही वाचतील.

प्रश्न : पुतण्याच्या नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लागतो. आंबोलीच्या धुक्यात गवा आडवा आला तर तो लागेल का? (गृहिणी, कुडाळ)

उत्तर : त्यावर विसंबू नये. अशी मोटार चालकाला मदत करते, चालकाची जागा घेत नाही. वाहन किती स्वयंचलित आहे हे सांगणाऱ्या शून्य ते पाच या प्रचलित श्रेणीत ती फार तर दुसऱ्या पायरीवर असते आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाची राहते. या ब्रेकच्या प्रमाणित चाचण्या प्रामुख्याने मोटार, पादचारी आणि दुचाकी यांच्या ठरावीक प्रतिकृतींवर होतात. मोठ्या प्राण्यांसाठी यंत्रणा बनवणाऱ्या व्होल्व्होलासुद्धा 2017 मध्ये सांगावे लागले होते की, स्वीडनमधील मूस या मोठ्या हरणावर तयार केलेली त्यांची यंत्रणा ऑस्ट्रेलियात कांगारूंपुढे गोंधळते. कांगारू उडी मारून हवेत असताना ते दूर असल्यासारखे भासते आणि जमिनीवर टेकले की जवळ. धुक्यातला काळा गवा हा त्याहून सोपा नाही. पुतण्याला एवढे सांगावे की, काचेमागच्या कॅमेऱ्यासमोरचा भाग आणि पुढच्या बंपरवरील रडारचे झाकण लाल चिखलाने माखू देऊ नये, आणि घाटात पाय ब्रेकजवळच ठेवावा.

प्रश्न : या गाड्या आल्या तर आमच्या पोटापाण्याचे काय? (पर्यटक-वाहन चालक, मालवण)

उत्तर : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन, चालकाविना मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे डिसेंबर 2023 मध्ये नागपूर येथे जाहीरपणे सांगितले होते. आपल्याला दिसेल तो बदल आधी ब्रेक आणि मार्गिका सांभाळणाऱ्या साहाय्यक यंत्रणांचा असेल. त्या आपल्या रस्त्यांवर तपासल्या जाव्यात, हा आग्रह आपल्यासारख्या चालकांनीच धरायला हवा.

प्रश्न : मला या क्षेत्रात काम करायचे आहे. घरच्या संगणकावर काही करून पाहता येईल का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : अवश्य. जर्मन एरोस्पेस सेंटरने विकसित केलेले ‘सुमो’ हे वाहतुकीचे सिम्युलेटर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून मारुती मंदिर परिसराचे रस्ते त्यात उतरवता येतील. आयात करताना डावीकडून वाहतुकीचा पर्याय निवडावा, आणि एका मार्गिकेत दोन-तीन वाहने शेजारी-शेजारी चालू देणारी ‘सबलेन’ पद्धत सुरू करावी. त्याशिवाय आपली वाहतूक आपली वाटणार नाही. गणपतीच्या आदल्या दिवशीची महामार्गावरची रांग हा त्यासाठी चांगला विषय आहे. चित्रांचा अभ्यास करायचा असेल, तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीने जमवलेला ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ पाहावा. त्यातील सुमारे दहा हजार चित्रे हैदराबाद आणि बंगळुरू परिसरातील रस्त्यांची असून रिक्षा आणि जनावरे यांना त्यात स्वतंत्र वर्ग दिलेले आहेत.

सेन्सर आणि वाहन यांसाठी 2017 मध्ये प्रकाशित झालेले ‘कार्ला’ हे मुक्त सिम्युलेटर आहे. त्याला बरे ग्राफिक्स कार्ड लागते. त्यातली तयार शहरे उजवीकडून वाहतुकीची आहेत, म्हणून आपला रस्ता आपणच ओपनड्राइव्ह स्वरूपात तयार करावा. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी : कार्लामध्ये पाऊस वाढवला की चित्र बदलते, रस्त्यावर डबकी दिसू लागतात, पण टायर आणि रस्ता यांमधले घर्षण बदलत नाही. ते स्वतंत्रपणे कमी करावे लागते. लिडारच्या नोंदीही पावसाबरोबर आपोआप बिघडत नाहीत. त्यांची क्षीणता वेगळी ठरवावी लागते. हे न करता ‘पावसात चाचणी घेतली’ असे अहवालात लिहिणे चूक ठरेल.

घर्षणाचा आकडा मनाने घालू नये. महाविद्यालयाची परवानगी आणि शिक्षकांची देखरेख असेल, तर आवारातल्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात जोराचा ब्रेक लावून मोबाइलच्या प्रवेगमापकाने मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, मोजता येते. ते सेकंद-वर्गाला 4 मीटर आले, तर त्याला 9.8 ने भागून घर्षणांक 0.4 च्या आसपास मिळतो. गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर तेही नोंदवावे. कोरड्यात एकदा, पहिल्या पावसात एकदा आणि आठवडाभर पाऊस झाल्यावर एकदा, असे मोजावे. प्रत्येक वेळी टायर किती झिजले आहेत आणि रस्त्यावर माती आहे का, हेही लिहून ठेवावे. हे तिन्ही आकडे घालून एकाच वळणावर, एकाच वेगाने कार्लातली गाडी चालवावी आणि ती कोणत्या आकड्याला रस्ता सोडते ते पाहावे. नोंदी आमच्याकडे पाठवल्यास त्या या सदरात छापण्यास आम्हाला आनंद होईल.